तीन पायऱ्यांचं गणित

बालमित्रांनो, आज एक सोपं गणित सोडवू या. घ्या बरं वही-पेन्सिल!

ढोकीत तुम्ही कधी रेल्वे स्टेशनवर जाता, कधी बँकेत, कधी पोस्टात. समजा, दाराशी तीन पायऱ्या आहेत. तुम्ही टुणटुण उड्या मारत वर जाल. पण चाकाच्या खुर्चीवरच्या मित्रानं काय करायचं? त्याच्यासाठी त्या तीन पायऱ्या म्हणजे बालाघाटचा डोंगरच!

यावर उपाय म्हणजे रॅम्प. आता गणित. एक पायरी १५ सेंटीमीटर उंच धरा. तीन पायऱ्यांचे झाले ४५. सरकारी नियमानुसार अशा ठिकाणी १ सेंटीमीटर चढायला रॅम्प निदान १२ सेंटीमीटर लांब हवा. म्हणजे ४५ गुणिले १२, बरोबर ५४० सेंटीमीटर. चांगला ५ मीटरहून लांब! हातभर सिमेंट थापून केलेला रॅम्प म्हणजे नुसती घसरगुंडी. त्यावर खुर्ची चढत नाही आणि उतरताना उलटते.

कुणी म्हणेल, "उचलून न्यावं की आत!" पण रोज कुणी तुम्हाला उचलून वर्गात नेलं, तर आवडेल का? म्हणूनच कायदा याला दया म्हणत नाही, हक्क म्हणतो. पहिला कायदा १९९५ चा. त्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते. त्याच्या जागी आलेल्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ आहेत. सरकारी नोकऱ्यांत किमान ४ टक्के जागा राखीव आहेत. सार्वजनिक इमारती सर्वांना वापरता येतील अशा करायला ५ वर्षांची मुदत होती. ती २०२२ मध्येच संपली!

कायदा नुसता कागदावर असून भागत नाही. उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांचंच पाहा. सहाव्या वर्षी त्यांची दृष्टी गेली. ब्रेल आणि बोलणारा संगणक यांच्या मदतीनं त्या शिकल्या. २०१६ मध्ये केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत त्यांना ७७३वा क्रमांक मिळाला, पण अंध म्हणून रेल्वेच्या लेखा सेवेत घेतलं नाही. त्या पुन्हा परीक्षेला बसल्या. २०१७ मध्ये १२४वा क्रमांक पटकावला आणि आय.ए.एस. अधिकारी झाल्या! अडचण डोळ्यांची होती, की दार बंद ठेवणाऱ्यांची?

पालकहो, ४० टक्के वा अधिक अपंगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलांना जवळच्या किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. तुमच्या घरात, शेजारी असं मूल असेल, तर अपंगत्वाचं प्रमाणपत्र आणि ओळखपत्र जरूर काढून घ्या.

आणि मुलांनो, तुमच्यासाठी गृहपाठ! आपल्या शाळेच्या पायऱ्यांची उंची मोजा, तिला १२ नं गुणा. रॅम्प असेल तर त्याची लांबी मोजून ताडा. कमी भरली, किंवा रॅम्पच नसला, तर तो हिशेब वहीत मांडून मुख्याध्यापकांना दाखवा.