फिल्म कॅमेरे, व्यावसायिक

वृत्तपत्रे, नियतकालिके, जाहिराती, वैज्ञानिक नोंदी इ. कामांसाठी रोज व दीर्घकाळ वापरता यावेत अशा हेतूने बनविलेल्या आणि प्रकाशसंवेदी फिल्मवर चित्र घेणाऱ्या कॅमेऱ्यांना व्यावसायिक फिल्म कॅमेरे म्हणतात. बांधणीचा टिकाऊपणा, भिंगे व इतर भाग बदलण्याची सोय आणि चित्र कसे घ्यावयाचे यासंबंधीचे सर्व निर्णय छायाचित्रकाराच्या हाती ठेवणारी नियंत्रणे, या तीन बाबतींत ते हौशी वापराच्या कॅमेऱ्यांहून वेगळे ठरतात. इ. स. २००० नंतरच्या दशकात बहुतेक व्यावसायिक काम डिजिटल कॅमेऱ्यांकडे गेले. तरीही अनेक अनुभवी छायाचित्रकार हे जुने कॅमेरे बाळगून आहेत व त्यांनी काम करीत आहेत. या आकर्षणात गतकाळाची ओढ नाही असे नाही. परंतु त्याची मुख्य कारणे कॅमेऱ्याची रचना, फिल्मचे गुणधर्म आणि त्यांतून घडणारी कामाची पद्धत यांत आढळतात.

विकास : ओस्कार बार्नाक यांनी अभिकल्पिलेला लायका हा कॅमेरा जर्मनीतील लाइत्स या संस्थेने १९२५ साली बाजारात आणला. चलच्चित्रपटाच्या ३५ मिमी. रुंदीच्या फिल्मवर २४ × ३६ मिमी. आकाराचे चित्र घेणारा हा लहान कॅमेरा हातात धरून कोठेही वापरता येई. त्याच परंपरेतील लायका एम३ (१९५४) या कॅमेऱ्यात पल्लामापक व दृश्यदर्शक म्हणजे व्ह्यूफाइंडर एकाच खिडकीत आणण्यात आले.

जपानमधील निप्पॉन कोगाकू या कंपनीने १९५९ साली निकॉन एफ हा एकभिंगी परावर्तक कॅमेरा काढला. यात भिंगातून येणारा प्रकाश आरशावरून घासलेल्या काचेवर पडतो व वरच्या पंचकोनी लोलकातून सुलट प्रतिमा डोळ्यास दिसते. त्यामुळे कोणतेही भिंग लावले तरी फिल्मवर जे उमटणार तेच प्रत्यक्ष पाहता येते. दृश्यदर्शक, घासलेली काच, मागील झाकण व भिंगे हे सर्व भाग बदलता येत असल्यामुळे तो एक कॅमेरा नसून एक संचच होता. एफ२ (१९७१), एफ३ (१९८०), एफ४ (१९८८), एफ५ (१९९६) व एफ६ (२००४) हे त्याचे पुढील अवतार होत. कॅनन एफ-१ (१९७१) हा त्याचा प्रमुख प्रतिस्पर्धी होता.

स्वीडनमधील हॅसलब्लाड ५००सी (१९५७) या कॅमेऱ्यात १२० क्रमांकाच्या रुंद फिल्मवर सु. ५६ × ५६ मिमी. आकाराची बारा चौरस चित्रे येतात. १९६९ साली अपोलो-११ मोहिमेत चंद्रपृष्ठावर वापरलेला कॅमेरा याच कुलातील होता. परतताना वजन वाचविण्यासाठी कॅमेरा तेथेच ठेवून फक्त फिल्मची पेटी परत आणण्यात आली.

नियंत्रणे व दृश्यदर्शक : फिल्मवर किती प्रकाश पडावा हे भिंगाचे छिद्र व शटर उघडे राहण्याचा काळ या दोन गोष्टींवर अवलंबून असते. छिद्राचे आकडे २·८, ४, ५·६, ८, ११, १६ असे असून प्रत्येक पायरीला प्रकाश निम्मा होतो. शटरचे काळही १/६०, १/१२५, १/२५० सेकंद असे साधारणतः निम्म्यानिम्म्याने कमी होत जातात. यांत्रिक कॅमेऱ्यांत पहिला आकडा भिंगाच्या कड्यावर व दुसरा वरच्या चकतीवर कोरलेला असतो. कॅमेरा डोळ्याला लावण्यापूर्वीच, एका दृष्टिक्षेपात, तो कोणत्या स्थितीत आहे हे कळते. अंधारात केवळ बोटांनी खाचा मोजूनही योग्य जुळणी करता येते.

या आकड्यांशी दीर्घकाळ परिचय झालेल्या छायाचित्रकाराला प्रकाशमापकाची गरज क्वचितच भासते. स्वच्छ उन्हात छिद्र १६ ठेवावे व शटरचा काळ फिल्मच्या वेगांकाच्या व्यस्तांकाइतका घ्यावा, म्हणजे १०० वेगांकाच्या फिल्मसाठी सु. १/१२५ सेकंद, हा नियम सर्वपरिचित आहे. ढगाळ हवा, सावली, खिडकीजवळचा उजेड यांसाठी किती पायऱ्या उघडावयाचे हे सवयीने समजते.

भिंगाच्या नळीवर, कोणत्या अंतरापासून कोणत्या अंतरापर्यंतचे दृश्य स्पष्ट येईल हे दाखविणारी मोजपट्टी असते. उदा., ३५ मिमी. केंद्रांतराचे भिंग छिद्र ८ वर ठेवून ५ मी. अंतरावर जुळविले, तर सु. २·५ मी. पासून थेट क्षितिजापर्यंत बहुतेक सर्व काही पुरेसे स्पष्ट येते. रस्त्यावर किंवा जत्रेत चित्रे घेणारा छायाचित्रकार अशी जुळणी आधीच करून ठेवतो. मग प्रसंग घडताच त्याला फक्त कळ दाबावयाची असते. स्वयंचलित केंद्रीकरण कितीही जलद असले, तरी आधीच झालेल्या जुळणीहून ते जलद असू शकत नाही.

व्यावसायिक कॅमेऱ्यांचे दृश्यदर्शक मोठे व प्रकाशमान असतात. निकॉन एफ मालिकेतील कॅमेऱ्यांत फिल्मवर येणारे जवळजवळ संपूर्ण दृश्य दिसते. त्यामुळे चौकटीच्या कडेला काय आहे याचा अंदाज करावा लागत नाही. लायका एम मालिकेत याच्या उलट सोय आहे. तेथे चौकट उजळ रेषांनी दर्शविलेली असते व अनेक भिंगांच्या बाबतीत चौकटीबाहेरचा परिसरही दिसत राहतो. त्यामुळे एखादी व्यक्ती चौकटीत शिरण्यापूर्वीच दिसते, तसेच आरसा नसल्याने चित्र घेण्याच्या क्षणी दृश्य नाहीसे होत नाही. या दोन पद्धतींपैकी कोणती श्रेष्ठ हा वाद जुना आहे. प्रत्येक छायाचित्रकार आपल्या पाहण्याच्या सवयीनुसार निवड करतो व सहसा ती आयुष्यभर बदलत नाही.

फिल्मचे गुणधर्म : फिल्मवरील पायसात सिल्व्हर हॅलाइडाचे सूक्ष्म कण असतात. पडलेला प्रकाश व विकासनानंतर फिल्मवर येणारा काळेपणा यांचा संबंध एफ. हर्टर व व्ही. सी. ड्रिफील्ड यांनी १८९० मध्ये आलेखाने स्पष्ट केला. या वक्राचा वरचा भाग हळूहळू सपाट होत जातो. त्यामुळे निगेटिव्ह फिल्मवर थोडा अधिक प्रकाश पडला, तरी पांढरे ढग, शुभ्र वस्त्रे वगैरे तेजस्वी भागांतील तपशील एकदम नष्ट होत नाही. डिजिटल संवेदकात मर्यादा ओलांडताच असा तपशील पूर्णपणे जातो. मात्र छायेच्या भागात फिल्म अधिक कठोर असते. तेथे पुरेसा प्रकाश न मिळाल्यास मागाहून काहीही भरून काढता येत नाही. पारदर्शिका म्हणजे स्लाइड फिल्मच्या बाबतीत तर दोन्ही बाजूंना फारच थोडी सूट असते.

अमेरिकन छायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्स (१९०२–८४) व फ्रेड आर्चर यांनी १९३९–४० च्या सुमारास या गुणधर्मांवर आधारित अशी क्षेत्रपद्धती मांडली. छायेतील तपशिलावरून प्रकाश ठरवावयाचा व तेजस्वी भाग विकासनाच्या काळाने आवरावयाचा, हे तिचे सूत्र होय. एकाच रिळावर निरनिराळ्या प्रकाशातील चित्रे असली, तर त्यांना वेगवेगळे विकासन देता येत नाही. हॅसलब्लाडची फिल्मपेटी चित्रांच्या मध्येच काढून दुसरी लावता येत असल्यामुळे कडक उन्हासाठी एक व मंद प्रकाशासाठी दुसरी अशा पेट्या बाळगण्याची प्रथा पडली. मोठ्या आकाराचाही लाभ उघड आहे. २० सेंमी. बाजूच्या प्रतीसाठी २४ मिमी. बाजू आठपटींहून अधिक मोठी करावी लागते, तर ५६ मिमी. बाजू सु. साडेतीनपटच. त्यामुळे कण कमी दिसतात व छटांची संक्रमणे सौम्य येतात.

मर्यादित चित्रसंख्या : ३५ मिमी. च्या रिळात ३६, तर १२० क्रमांकाच्या रिळात चौरस आकाराची बारा चित्रे येतात आणि घेतलेले चित्र विकासन होईपर्यंत पाहता येत नाही. ही वरकरणी उणीवच आहे. परंतु अनुभवी व्यक्तीच्या दृष्टीने तीच पद्धतीची शिस्त ठरते. कळ दाबण्यापूर्वी प्रकाश, चौकट व क्षण यांचा निर्णय पुरा करावा लागतो आणि लक्ष कॅमेऱ्याच्या पाठीवरील पडद्याकडे न जाता समोरच्या माणसाकडे राहते. मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या होमाई व्यारावाला (१९१३–२०१२) यांनी स्वातंत्र्यप्राप्तीच्या काळातील आपले वृत्तछायाचित्रण स्पीड ग्राफिक व रोलायफ्लेक्स यांसारख्या कॅमेऱ्यांनी केले. यांपैकी रोलायफ्लेक्समध्ये एका रिळात बाराच चित्रे येत व स्पीड ग्राफिकमध्ये प्रत्येक चित्रासाठी नवी फिल्म पुढे आणावी लागे. अशा कॅमेऱ्यांनी काम करणाऱ्याला घडणाऱ्या गोष्टीचा अंदाज आधी बांधावाच लागतो.

नवशिक्याला मात्र या कॅमेऱ्यांचा असा लाभ आपोआप मिळत नाही. चूक कोठे झाली हे कित्येक दिवसांनी कळते व तोपर्यंत त्या वेळच्या प्रकाशाची आठवण राहत नाही. वहीत प्रत्येक चित्राचे छिद्र व काळ टिपून ठेवण्याची जुनी सवय यासाठीच होती. सारांश, व्यावसायिक फिल्म कॅमेरा कौशल्य देत नाही. असलेल्या कौशल्याच्या आड येत नाही, हाच त्याचा मुख्य गुण होय.

यांत्रिक व इलेक्ट्रॉनीय कॅमेरे : निकॉन एफ व एफ२, लायका एम३, हॅसलब्लाड ५००सी यांची शटरे कमान व दंतचक्रे यांवर चालतात. विद्युत् घट नसला तरी कॅमेरा काम करतो. कडाक्याच्या थंडीत व दुर्गम भागात हा गुण निर्णायक ठरतो. एफ३ पासून शटरचे नियमन इलेक्ट्रॉनीय झाले. त्यात अचूकता वाढली, पण घट संपल्यास १/६० सेकंदाचा एकच यांत्रिक काळ उरला. एफ५ मध्ये सेकंदाला आठ चित्रे घेता येत व त्याचे शटर दीड लाख वेळा चालविण्याच्या कसोटीस उतरविलेले होते. तथापि घटांवाचून त्याचा काहीच उपयोग होत नाही. पहिला व्यापारी डिजिटल एकभिंगी परावर्तक कॅमेरा, कोडॅक डीसीएस (१९९१), हा एफ३ च्याच सांगाड्यावर उभारलेला होता, ही गोष्ट उल्लेखनीय आहे.

जुन्या भिंगांची उपयुक्तता हाही आकर्षणाचा भाग आहे. निकॉनची एफ माउंट ही भिंगाची बैठक व तिच्यापासून फिल्मच्या प्रतलापर्यंतचे ४६·५ मिमी. अंतर १९५९ पासून कायम राहिले. त्यामुळे त्या काळातील कित्येक भिंगे, काही वेळा किरकोळ फेरबदल करून, पुढील पिढ्यांच्या कॅमेऱ्यांवरही वापरता आली.

दुरुस्ती व जतन : या कॅमेऱ्यांचे आयुष्य त्यांच्या कारागिरांवर अवलंबून आहे. कालांतराने तेल घट्ट होऊन मंद काळ अधिक लांबतात, झाकणाच्या कडेची प्रकाशरोधक पट्टी झिजते व कापडी पडद्यांना भोके पडतात. हे दोष यांत्रिक कॅमेऱ्यात साफसफाई, वंगण व जुळणी यांनी दूर होतात. जीर्ण झालेला भाग दुसऱ्या बंद कॅमेऱ्यातून काढून बसविता येतो. इलेक्ट्रॉनीय मंडल निकामी झाल्यास मात्र सुटा भाग मिळेनासा झाल्यावर इलाज उरत नाही. जुने प्रकाशमापक १·३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या घटांवर चालत. पाऱ्याच्या विषारीपणामुळे अमेरिकेत १९९६ च्या कायद्याने त्यांची विक्री थांबली. आज मिळणारे १·५ व्होल्टचे घट घातल्यास योजकाशिवाय मापन चुकू शकते.

कोकण व मुंबईसारख्या दमट प्रदेशांत भिंगावर बुरशी धरणे हा सर्वांत मोठा धोका आहे. बुरशी काचेवरील लेप खाते व तो डाग निघत नाही. पावसाळ्यात कॅमेरा चामड्याच्या पिशवीत बंद न ठेवता सिलिका जेलसह हवाबंद डब्यात ठेवावा, अधूनमधून उजेडात काढावा व शटर सर्व काळांवर चालवावे. मुंबईच्या फोर्ट विभागातील बोरा बाजार कॅमेऱ्यांच्या खरेदीविक्रीसाठी व दुरुस्तीसाठी छायाचित्रकारांच्या चांगल्या परिचयाचा आहे. परंतु हे कौशल्य मुख्यतः हाताखाली काम करून शिकले जाते. उमेदवार मिळेनासे झाले, तर सुस्थितीतील कॅमेरेही केवळ कपाटात ठेवण्याजोगे उरतील.

मर्यादा व सद्यःस्थिती : रात्रीचे व अतिमंद प्रकाशातील चित्रण, क्रीडास्पर्धा, तातडीची बातमी आणि चित्रांची मोठी संख्या आवश्यक असणारी कामे यांत डिजिटल कॅमेरा निःसंशय श्रेष्ठ आहे. फिल्म, रसायने व विकासन यांचा खर्च दर चित्रामागे येतो. फिल्मचा पुरवठाही पूर्वीसारखा राहिलेला नाही. कोडॅकने कोडॅक्रोम या फिल्मचे उत्पादन बंद करीत असल्याचे २००९ मध्ये जाहीर केले. भारतात १९६० साली उदगमंडलम् येथे स्थापन झालेल्या हिंदुस्तान फोटो फिल्म्स या सरकारी कारखान्याची ‘इंदू’ ही फिल्मही आता मिळत नाही. निकॉनने एफ६ ची निर्मिती २०२० मध्ये थांबविली.

असे असूनही मागणी संपलेली नाही. एक्टाक्रोम ही पारदर्शिका फिल्म २०१८ मध्ये पुन्हा बाजारात आली व लायकाने १९८४ चे एम६ हे प्रारूप २०२२ मध्ये नव्याने काढले. योग्य रीत्या स्थिरीकरण करून धुतलेली कृष्णधवल निगेटिव्ह थंड व कोरड्या जागी अनेक दशके टिकते आणि ती पाहण्यास उजेडाखेरीज कोणतेही यंत्र लागत नाही. कौटुंबिक संग्रह व स्थानिक इतिहासाच्या साधनांच्या दृष्टीने ही बाब महत्त्वाची आहे. या कॅमेऱ्यांचे भवितव्य मात्र त्यांच्या चाहत्यांच्या संख्येपेक्षा फिल्मचे उत्पादन, सुटे भाग आणि दुरुस्तीचे ज्ञान या तीन गोष्टी किती काळ टिकतात यावर अवलंबून राहील.