चूक सांगणाऱ्याला अभय हवे

एका वॉर्डात वर्षभरात औषधांच्या पाच चुकांची नोंद झाली आणि दुसऱ्यात पंचवीस, तर आपला रुग्ण कुठे ठेवावा? उत्तर सोपे वाटते, पण ते फसवे आहे. हार्वर्ड विद्यापीठातील एमी एडमंडसन यांनी दोन रुग्णालयांतील आठ विभागांचा अभ्यास करून १९९६ साली तो प्रसिद्ध केला. ज्या विभागांत प्रमुख परिचारिका समंजस होत्या आणि कर्मचाऱ्यांत मेळ होता, तिथेच चुकांची नोंद अधिक आढळली! तिथे चुका जास्त होत नव्हत्या. त्या मोकळेपणाने सांगितल्या जात होत्या. जिथे धाक होता, तिथे त्या दडपल्या जात होत्या.

रुग्णसुरक्षेच्या संस्कृतीचे मर्म यातच आहे. अमेरिकेतील ‘इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन’च्या १९९९च्या अहवालाने टाळता येण्याजोग्या वैद्यकीय चुकांमुळे तेथील रुग्णालयांत दरवर्षी ४४ हजार ते ९८ हजार मृत्यू होत असल्याचा अंदाज मांडला. दोष बहुतांशी व्यक्तींचा नसून व्यवस्थेचा आहे, हा त्याचा निष्कर्ष होता.

पोटॅशियम क्लोराइडचे उदाहरण घ्या. हे तीव्र द्रावण विरळ न करता थेट शिरेत गेल्यास हृदय बंद पडू शकते आणि त्याची कुपी इतर साध्या कुप्यांसारखीच दिसते. रात्रपाळीच्या सिस्टरच्या हाती ती चुकून आली, पण ऐनवेळी लक्षात आले. तिने हे सांगितले आणि ऐकणाऱ्याने कारण शोधले, तर ती कुपी वॉर्डाच्या कपाटातून कायमची हलवता येते. उलट तिला मेमो मिळाला, तर पुढची सिस्टर कुपी गुपचूप जागेवर ठेवील आणि धोका तिथेच दबा धरून राहील.

दुसरा अडसर अधिकाराच्या उतरंडीचा. ‘सरांना कसे सांगायचे?’ हा संकोच जीवघेणा ठरू शकतो. मिशिगन राज्यातील शंभराहून अधिक अतिदक्षता विभागांत शिरेत नळी घालताना पाच साध्या नियमांची यादी लागू झाली. नियम मोडल्यास डॉक्टरला थांबवण्याचा अधिकार परिचारिकेला मिळाला. दीड वर्षात नळीमुळे होणारा रक्तातील जंतुसंसर्ग ६६ टक्क्यांपर्यंत घटला. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००८च्या शस्त्रक्रिया तपासणी यादीतही चिरफाडीपूर्वी प्रत्येकाने आपले नाव व काम सांगायचे असते. ही यादी नवी दिल्लीसह आठ शहरांत वापरून पाहिली असता मृत्यूंचे प्रमाण १.५ वरून ०.८ टक्क्यांवर आले.

अर्थात, अभय म्हणजे बेपर्वाईला मोकळे रान नव्हे. नशेत कामावर येणाऱ्याला किंवा जाणूनबुजून नियम धुडकावणाऱ्याला शिक्षा हवीच. मात्र थकव्यामुळे झालेली नजरचूक आणि हा बेदरकारपणा यांना एकाच मापाने मोजले, तर लोक फक्त गप्प राहायला शिकतात.

या संस्कृतीत रुग्ण व नातेवाइकांचाही वाटा आहे. सिस्टर इंजेक्शनपूर्वी पुन्हा पुन्हा नाव विचारते, तेव्हा ‘किती वेळा सांगायचे?’ म्हणून वैतागू नये. तो प्रश्न आपल्याच रक्षणासाठी आहे. कुणी तो विचारला नाही, तर आपणच आपले नाव सांगावे.