खड्ड्यापासून टाकीपर्यंत

1932 साली रत्नागिरीच्या तुरुंगात अप्पासाहेब पटवर्धनांनी भंगीकाम करू देण्याची मागणी केली. ‘वरच्या’ जातीच्या कैद्याला ते काम द्यायला तुरुंगाधिकारी तयार नव्हते. अप्पासाहेबांनी अन्नत्यागाचा मार्ग धरला आणि येरवड्यात असलेल्या गांधीजींनी त्यांच्या पाठिंब्यासाठी उपोषण केले. महाराष्ट्रातल्या घरगुती संडासाचा मागोवा घ्यायचा तर सुरुवात इथून करायला हवी. एकाची घाण दुसऱ्याने केवळ जातीमुळे उपसायची नाही, हा पुढच्या सगळ्या कामाचा पाया होता.

पुढे कणकवलीजवळच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेबांनी मैल्याचे सोनखत करणारे संडास घडवले. त्यांचा ‘सोपा संडास’ देहूत रुजवला डॉ. सुहास मापुसकरांनी. सरकारी दवाखान्यात आलेल्या या तरुण डॉक्टरला जंत आणि हगवणीचे तेच ते रोगी पुन्हा पुन्हा दिसत. रोगाचे मूळ गावाबाहेरच्या हागणदारीत आहे, हे त्यांनी ओळखले. सुरुवातीला बांधलेले संडास पावसाळ्यात ढासळले, तरी त्यांनी गाव सोडले नाही. मैल्यावर चालणाऱ्या गोबरगॅसचेही प्रयोग केले. 2015 मध्ये ते गेले आणि 2017 मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. हा मान त्यांच्या हयातीत मिळायला हवा होता.

गटारलाइन नसलेल्या घरासाठी या परंपरेतून आलेला दोन शोषखड्ड्यांचा संडास मला आजही सर्वांत शहाणपणाचा वाटतो. जास्त उताराचे भांडे, दीड-दोन लिटर पाण्यात होणारी सफाई आणि फटी ठेवून बांधलेले दोन खड्डे, एवढाच त्याचा पसारा. एक खड्डा भरला की मैला दुसऱ्याकडे वळवायचा. पाणी मातीत जिरते, वायू मातीत शिरतो, म्हणून त्याला उंच पाइपही लागत नाही. दीड-दोन वर्षांनी पहिल्या खड्ड्यात कोरडे, बिनवासाचे खत मिळते. ते घरच्या माणसाने घरच्या फावड्याने काढावे. अप्पासाहेबांना हवे होते ते नेमके हेच.

2000 साली संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले आणि गावोगाव चुरस लागली. त्यानंतर निर्मल ग्राम पुरस्कार आला, 2014 मध्ये स्वच्छ भारत मिशन आले, घरटी 12,000 रुपये मिळू लागले. संडास बांधले गेले, आणि बायाबापड्यांची अंधाराची वाट पाहणे बरेच कमी झाले. हे मोठे काम झाले. मात्र मोजणी भिंती, दार आणि भांड्याचीच झाली. जमिनीखाली काय बांधले, याची चौकशी कमी झाली.

तिथेच सेप्टिक टाकीने घुसखोरी केली. खड्डा गरिबाचा, टाकी सुधारलेल्या माणसाची, असा समज पसरला. ‘मोठी बांधा, वीस वर्षे बघायला नको,’ हा गवंड्याचा सल्ला सर्वांना पटला. खरे तर टाकीत मैला फक्त खाली बसतो आणि थोडा कुजतो. बाहेर पडणाऱ्या पाण्यात रोगजंतू असतातच, म्हणून ते शोषखड्ड्यात जिरवावे लागते. आपल्याकडे ते सर्रास रस्त्याकडेच्या उघड्या गटारात सोडतात, किंवा टाकीला तळच घालत नाहीत. कोकणातल्या जांभ्यातून असे पाणी झपाट्याने विहिरीपर्यंत पोचू शकते. मराठवाड्याच्या काळ्या मातीत ते जिरतच नाही, वर येऊन साचते. एकच नकाशा सगळीकडे चालत नाही.

टाकी उपसावी लागते, ही गोष्ट तर घरबांधणीच्या वेळी कोणी बोलतच नाही. दर दोन-तीन वर्षांनी गाळ काढला नाही तर तो पाण्याबरोबर बाहेर जाऊन शोषखड्डा बुजवतो. मग घाईघाईने कोणाला तरी आत उतरवले जाते. आतल्या हायड्रोजन सल्फाइडने माणूस क्षणात कोसळतो, त्याला काढायला उतरलेलाही परत येत नाही. 2013 च्या कायद्याने असे उतरवणे गुन्हा आहे. 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मृताच्या कुटुंबाची भरपाई 10 लाखांवरून 30 लाख रुपये केली. मरणारे बहुतेक त्याच जातींतले, ज्यांच्या मुक्तीसाठी अप्पासाहेब तुरुंगात अडून बसले होते. नव्या टाकीने जुनीच गुलामगिरी परत आणली, असे मी स्पष्ट म्हणेन.

वाट सापडली आहे. साताऱ्यातल्या वाई नगरपालिकेने 2018 पासून टाकी तुंबायची वाट न पाहता वेळापत्रकाने, दर तीन वर्षांनी घरोघरी गाडी पाठवायला सुरुवात केली. खर्च वार्षिक करातून निघतो, आणि गाळ ओढ्यात न ओतता प्रक्रिया केंद्रात जातो. सिन्नरनेही हाच रस्ता धरला. भल्यामोठ्या भूमिगत गटार योजनेची वाट बघत बसलेल्या लहान शहरांनी हे जरूर पाहून यावे.

आणि आपण घरमालकांनी आपल्या टाकीचे झाकण कुठे आहे ते शोधावे. फरशीखाली गाडले असेल तर मोकळे करावे, टाकीतून निघणारे पाणी कुठे जाते ते पाहावे, शेवटचा उपसा केव्हा झाला ते लिहून ठेवावे. उपसा यंत्राच्या गाडीनेच करावा. कितीही अडले तरी माणसाला आत उतरवू नये.