हिशेबाचे सॉफ्टवेअर घेताना : आधी माणसे मोजा, मग क्षमता

लातूरच्या गंजगोलाईत असो वा नांदेडच्या इतवाऱ्यात, रोजकीर्द आणि खतावणीची जागा संगणकाने घेतली त्याला आता बरीच वर्षे झाली. टॅली येत नाही असा मुनीम आज शोधून सापडायचा नाही. याच्या पुढची पायरी म्हणून 'बिझनेस इंटेलिजन्स' नावाची सॉफ्टवेअर विकणारे आता आपल्या दुकानांच्या पायऱ्या चढू लागले आहेत. त्यांचे काम थोडक्यात असे : दोन-तीन दुकानांची बिले, गोदामातला माल आणि गिऱ्हाइकांकडची उधारी एकत्र करून मालकाला एकाच पडद्यावर दाखवायची. कोणता माल पडून आहे, कोणाकडे किती थकले, रमजानच्या हंगामात कोणत्या आठवड्यात विक्री चढते, हे मोबाईलवरही दिसते.

वस्तू चांगली आहे. प्रश्न आहे तो किमतीचा. या सॉफ्टवेअरचा परवाना दोन तऱ्हांनी मिळतो, आणि चुकीची तऱ्हा निवडली तर महिन्याला काही हजारांत होणारे काम लाखांवर जाते. म्हणून व्यापारी बंधूंनी सही करण्यापूर्वी हा हिशेब समजून घ्यावा.

दोन तऱ्हा कोणत्या?

पहिली तऱ्हा माणशी परवान्याची. जितकी माणसे अहवाल पाहतील तितके परवाने घ्यायचे. दुसरी तऱ्हा क्षमतेची, म्हणजे 'कपॅसिटी'ची. यात माणसे मोजत नाहीत. कंपनीच्या संगणकाची ठरावीक ताकद आपण भाड्याने घेतो.

दालमिलवाल्यांना हे लगेच उमगेल. महावितरणकडे आपण मंजूर भार घेतो. मिल चालो वा बंद राहो, त्या भाराचा स्थिर आकार बिलात येतोच. भार जास्त घेतला तर पैसे फुकट जातात, कमी घेतला तर ऐन हंगामात अडचण होते. कपॅसिटीचे गणित अगदी असेच आहे.

टॅलीतही याचे छोटे रूप आपण पाहतो. सिल्व्हर परवाना एका वापरकर्त्यासाठी असतो. गोल्ड परवान्यावर एका जाळ्यातले कितीही संगणक चालतात, पण त्याची किंमत साधारण तिप्पट असते. एकच मुनीम असलेल्या दुकानाने गोल्ड घेणे म्हणजे एका पोत्यासाठी ट्रक ठरवणे होय.

भाव काय आहेत?

या प्रकारात सर्वाधिक चालणारे सॉफ्टवेअर मायक्रोसॉफ्टचे पॉवर बीआय, म्हणून त्याचाच दाखला घेऊ. ते 2015 मध्ये बाजारात आले. अहवाल तयार करण्याचा 'डेस्कटॉप' भाग मोफत आहे. मालक एकटाच आपल्या संगणकावर अहवाल पाहणार असेल तर एक पैसाही लागत नाही. तो अहवाल दुसऱ्याला पाठवायचा झाला की 'प्रो' परवाना लागतो, आणि तोही पाठवणाऱ्याला व पाहणाऱ्याला, दोघांनाही. 1 एप्रिल 2025 पासून प्रोचा जाहीर दर माणशी महिना 10 वरून 14 डॉलर झाला.

कपॅसिटी 2023 पासून 'फॅब्रिक' या नावाने एफ-2, एफ-4, एफ-8 अशा दुपटीच्या पायऱ्यांनी मिळते. अमेरिकेतील दराने एफ-2 पूर्ण महिना चालू ठेवल्यास सुमारे 263 डॉलर होतात. एफ-64 चे वर्षाच्या करारानेही महिन्याला 5,000 डॉलरच्या आसपास जातात. आपल्याकडे बिल रुपयांत येते आणि त्यावर 18 टक्के जीएसटी लागतो. नियमित नोंदणी असलेल्याला तो वळता करून घेता येतो. कंपोझिशन योजनेतल्या दुकानदाराला मात्र तो खर्चात धरावा लागेल.

खरी मेख इथे आहे

'कपॅसिटी घ्या, मग कितीही माणसे पाहू देत' असे विक्रेता सांगतो. हे एफ-64 आणि त्यावरच्या पायऱ्यांनाच लागू आहे. त्याखालची कोणतीही पायरी घेतली तरी पाहणाऱ्या प्रत्येकाला प्रो परवाना घ्यावाच लागतो. म्हणजे एफ-2 घेऊन माणशी खर्च वाचेल असे ज्याला वाटले, त्याला दोन्ही भुर्दंड पडतात.

आता साधा भागाकार करा. 5,000 ला 14 ने भागले की सुमारे 357 येतात. केवळ अहवाल पाहण्यासाठी कपॅसिटी परवडायला साडेतीनशेच्या वर माणसे हवीत. शिवाय अहवाल तयार करून कपॅसिटीवर चढवणाऱ्यांना प्रो वेगळा लागतोच.

समजा, एका कुटुंबाची नांदेड, लातूर आणि उदगीर येथे कापडाची तीन दुकाने आहेत. नोकरचाकर धरून तीस माणसे. त्यांतल्या किती जणांना रोज अहवाल पाहायचा आहे? तीन भाऊ आणि दोन मुनीम, म्हणजे पाच. 70 डॉलरमध्ये महिना निघतो. काउंटरवरच्या पोराला विक्रीचा आलेख दाखवून उपयोग काय? परवाने माणसांच्या संख्येवर नव्हे, कामावर मोजावेत.

माल किती, गोदाम केवढे?

'तुमचा डेटा फार मोठा आहे' हा दुसरा बागुलबुवा. तोही मोजून पाहू. दुकानामागे दिवसाला 150 बिले, बिलात सरासरी 4 वस्तू, वर्षाचे 300 दिवस. तीन दुकानांच्या वर्षाला 5 लाख 40 हजार ओळी होतात आणि पाच वर्षांच्या 27 लाख. प्रोमध्ये एका अहवालाच्या साठ्याची मर्यादा 1 जीबी आहे. हे सॉफ्टवेअर माहिती दाबून ठेवते, त्यामुळे नीट रचलेल्या एवढ्या ओळी त्यात सहज मावतात. माहिती ताजी करणे दिवसातून 8 वेळा होते. सकाळी दहा ते रात्री नऊ दुकान चालवणाऱ्याला दर दीड तासाला ताजा आकडा मिळाला, तर आणखी काय हवे?

कपॅसिटी कोणाला हवी?

कपॅसिटी वाईट नाही. शेकडो कर्मचारी अहवाल पाहतात अशा पतसंस्था, रुग्णालये आणि मोठे वितरक यांना ती लागते. आपल्या भागातील काही तरुण व्यापाऱ्यांसाठी सॉफ्टवेअर तयार करतात. आपल्या सॉफ्टवेअरमध्येच हे अहवाल बसवून गिऱ्हाइकांना द्यायचे असतील, तर त्यांना एफ-2 सारखी लहान पायरीही चालते. अशा वेळी पाहणाऱ्याला वेगळा परवाना लागत नाही.

घ्यायचीच झाली तर अंदाजाने घेऊ नये. 60 दिवसांची मोफत चाचणी मिळते. तीत आपला खरा हिशेब चालवावा आणि किती ताकद खर्च होते ते कंपनीच्याच मोजणी-अॅपमध्ये पाहावे. मोजणी हंगामाच्या दिवसांत झाली तर उत्तम. दहा मिनिटांची चढती गर्दी हे सॉफ्टवेअर पुढच्या उसनवारीवर निभावून नेते. उसनवारी दहा मिनिटांच्या पुढे गेली की अहवाल मंद होतात, तासाच्या पुढे गेली की उघडत नाहीत. पायरी वर-खाली करता येते, म्हणून लहानापासून सुरुवात करावी.

वर्षाचा करार तासाच्या दरापेक्षा सुमारे 40 टक्के स्वस्त पडतो, असे सांगून तो गळ्यात मारला जातो. पण तासाच्या दरातली कपॅसिटी रात्री बंद ठेवता येते. रोज 14 तासांपेक्षा कमी वापर असेल तर करारापेक्षा बंद-चालू करणेच स्वस्त. बंद असताना तिच्यावरचे अहवाल उघडत नाहीत आणि आधीची उसनवारी असेल तर तिचेही पैसे लागतात, एवढे ध्यानात ठेवावे.

दोन चोरवाटा टाळा

एका परवान्याचा पासवर्ड चौघांत वाटणे ही पहिली चोरवाट. परवाना एका माणसाचा असतो. चौघांनी वापरणे हा करारभंग आहे, आणि करार पाळणे हा आपल्या दीनचाच भाग आहे. दुसरी वाट जास्त घातक. परवान्याचे पैसे वाचावेत म्हणून काही जण अहवाल 'वेबवर प्रसिद्ध' करून त्याची लिंक देतात. ती लिंक ज्याच्या हाती लागेल त्याला पासवर्डविना सारे दिसते. गिऱ्हाइकाची उधारी ही आपल्याकडची अमानत आहे. ती चव्हाट्यावर मांडण्याचा हक्क आपल्याला नाही.

सहीपूर्वी विचारायचे प्रश्न

रोज अहवाल पाहणारी माणसे नेमकी किती? पाच वर्षांच्या ओळी किती? दिवसातून किती वेळा माहिती ताजी हवी? टॅलीतला थकबाकीचा अहवाल आपल्याला का पुरत नाही? शेवटच्या प्रश्नाला ठोस उत्तर नसेल, तर तूर्त काहीच घेऊ नये.

उत्तर असेल, तर मोफत डेस्कटॉपपासून आरंभ करावा. जकातीच्या तारखेला दुकानातला माल, हाती असलेली रोकड आणि येणे बाकी यांची यादी करताना दरवर्षी जी धावपळ होते, ती तेवढ्यानेही पुष्कळ कमी होईल. कोणत्या येण्यावर जकात बसते हा मसला उलेमांना विचारावा. यादी मात्र बिनचूक तयार असेल. गरजेपुरते घेतले तर व्यवहारात बरकत राहते. गरजेबाहेर घेतले तो इस्राफ, मग ते कापड असो की संगणकाची ताकद.