उजेड पाडणाऱ्याचे नाव कोण घेणार?

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. बीड तालुक्यातील एका गावात भीमजयंतीनिमित्त नाटक होते. पडदा उघडण्यापूर्वी विंगेत वायर जोडताना प्रकाशव्यवस्था पाहणाऱ्या तरुणाला शॉक बसला. उजवा हात भाजला. त्याला मोटारसायकलवर घालून दवाखान्यात नेले, दुसऱ्या कोणीतरी वायर जोडून दिली आणि प्रयोग पार पडला. टाळ्या पडल्या, सत्कार झाले.

पंधरा दिवसांनी तो तरुण हाताला पट्टी बांधून माझ्याकडे आला. नुकसानभरपाई मिळेल का, एवढाच त्याचा प्रश्न होता. मी विचारले, कामावर कोणी बोलावले? पैसे ठरले होते का? कागद काय आहे? कागद एकच होता, कार्यक्रमाची पत्रिका. तिच्यात अध्यक्ष, उद्घाटक, प्रमुख पाहुणे, स्वागतोत्सुक अशी चाळीसेक नावे होती. याचे नव्हते. तरी नोटीस काढू म्हटले, तर तो म्हणाला, "वकीलसाहेब, केस करू तर कुणावर? सगळे आपलेच हायेत."

नोटीस निघाली नाही. पत्रिकेतील सल्लागारांच्या यादीत माझेही नाव छापलेले होते.

आपली चळवळ रंगमंचावरून वाढली, हे आपण अभिमानाने सांगतो. १९३० च्या दशकात भीमराव कर्डकांसारख्या जलसाकारांनी बाबासाहेबांचा विचार खेडोपाडी नेला. प्राचार्य म. भि. चिटणीस यांचे 'युगयात्रा' हे नाटक मिलिंद महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी केले आणि ते बाबासाहेबांनी पाहिले. २०१२ साली आलेल्या 'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला' या नाटकात जालना जिल्ह्यातील खेड्यांतली शेतकरी पोरे महाराष्ट्रभर गाजली. लेखक, शाहीर, नट यांची नावे आपल्याला पाठ आहेत. पण जलशात गॅसबत्तीला रात्रभर पंप मारणारा कोण होता? नाटकात दिवे कोणी लावले? आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल?

हे काम कोणीही करावे असे नाही. नाटकाच्या जुन्या पद्धतीच्या दिव्याला हजार वॅट लागतात. असे दहा दिवे एकदम लावले तर सुमारे ४३ अँपिअरचा भार येतो. घरातला मोठा पॉवर प्लग १६ अँपिअरचा असतो. म्हणजे समाजमंदिराच्या एका बोर्डावर सगळा भार टाकला, की वायर तापणार हे ठरलेलेच. भार तिन्ही फेजवर वाटून घेणे, अर्थिंग तपासणे, वायरींना पाणी लागू न देणे, लोखंडी खांबावर चढून तापलेला दिवा फिरवणे, आणि एवढे करून नटाच्या वाक्यासरशी डिमर खाली ओढणे, ही सगळी एकाच माणसाची जबाबदारी. आता एलईडी दिव्यांमुळे भार कमी झाला आहे, पण गावातली वायरिंग जुनीच आहे. वर्गणी वाचावी म्हणून तारेवर आकडा टाकायला सांगणारेही आपल्यात आहेत. २००३ च्या वीज कायद्याच्या कलम १३५ खाली ती वीजचोरी ठरते आणि तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. सांगणारा बाजूला राहतो, खांबावर चढलेला सापडतो.

कायद्यानेही या माणसाला अंधारातच ठेवले आहे. १९८१ च्या सिने कामगार कायद्याने चित्रपटाच्या लाइटमनला लेखी कराराचा हक्क दिला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या श्रमसंहितांमध्ये ती तरतूद दृक्श्राव्य कामगारांसाठी पुढे आली, त्यात मालिका व जाहिरातीही आल्या. मात्र प्रेक्षकांसमोर होणाऱ्या नाटकाचा, जलशाचा कामगार तिच्यात नाही. भविष्य निर्वाह निधीला वीस आणि कामगार विम्याला साधारण दहा कामगारांची आस्थापना लागते. चार पोरे आणि एक टेम्पो असलेला आपला लाइटवाला त्यात कोठून बसणार?

१९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. कामगारांबरोबर वीजधोरणही त्यांच्याकडेच होते. तंत्रशिक्षण घेतलेला कामगार तयार व्हावा म्हणून त्यांनी आग्रह धरला. आपल्याच जिल्ह्यात परळीला १९७१ पासून वीज तयार होते. त्या जिल्ह्यात बाबासाहेबांच्याच जयंतीला आपला एक तरुण उघड्या वायरीने भाजतो आणि आपण पुढचे भाषण सुरू करतो, याला काय म्हणावे?

कायदा बदलण्याची मागणी आपण करूच. पण ज्यासाठी सरकारची परवानगी लागत नाही, ते आधी करू. दिवे आणि ध्वनी सांभाळणाऱ्यास समितीने साध्या कागदावर कामाचे पत्र द्यावे. त्यात नाव, तारीख आणि मजुरी लिहावी. मजुरी त्याच रात्री द्यावी. 'समाजाचे काम आहे' म्हणून फुकट राबवून घेणे बंद करावे. बिनमोल राबण्याच्या प्रथेविरुद्ध तर आपला लढा होता. महावितरणकडून तात्पुरती जोडणी रीतसर घ्यावी. शॉक बसताच वीज तोडणारे यंत्र बोर्डावर बसवावे. डीजेवर होणाऱ्या खर्चापुढे हा खर्च काहीच नाही. वस्तीतल्या आयटीआय झालेल्या मुलांना वायरमनचा परवाना काढण्यासाठी मदत करावी.

आणि पत्रिकेत त्याचे नाव छापावे. उद्या काही झाले तर तेवढाच कागद न्यायालयात उपयोगी पडतो.

त्या तरुणाचा हात बरा झाला, पण दोन बोटे पूर्ण मिटत नाहीत. तो अजूनही नाटकांना दिवे लावतो. पुढच्या जयंतीची बैठक लवकरच बसेल. सल्लागारांच्या यादीतून माझे नाव काढा आणि त्या जागी त्याचे घाला, एवढे मी तिथे सांगणार आहे. आपापल्या गावच्या बैठकीत आपणही हा विषय मांडावा.