पाणीपुरवठा आणि बदलतें ऋतुमान

पालघर जिल्ह्यांत वर्षास सरासरी २,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. तथापि वैशाखांत जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर टँकरची वाट पाहावी लागते. या विरोधाचें कारण जमिनींत आहे. तेथील काळा कातळ पाणी फारसें सांठवीत नाहीं. पावसाळ्याचें पाणी उतारावरून सूर्या व वैतरणा या नद्यांच्या वाटेनें समुद्रास मिळतें.

खालीं बोईसर-तारापूरच्या किनारपट्टीवर अडचण निराळी आहे. तेथें विहिरींतून बेसुमार उपसा झाला कीं समुद्राचें खारें पाणी आंत शिरतें. नळास पाणी येतें तें बहुतांशीं सूर्येवरून, विजेच्या पंपांनीं. मे २०२१ मधील तौक्ते वादळांत जिल्ह्यांतील वीज खंडित झाली, तेव्हां असा पुरवठा किती परावलंबी असतो हें दिसून आलें.

पृथ्वीची हवा तापत असल्यामुळें थोड्या वेळांत कोसळणारा पाऊस आणि अरबी समुद्रांतील प्रबळ वादळें वाढत आहेत. म्हणून योजना नुसती बांधून भागत नाहीं. ती पुरांत व टंचाईंतही टिकली पाहिजे. डोंगरांतील ओढ्यांवर बंधारे हवेत, पंपांस विजेची दुसरी सोय हवी. विहिरीचा कठडा पुराच्या पातळीहून उंच असावा. शौचकूपाचा खड्डा विहिरीपासून दूर, उताराच्या खालच्या अंगास असावा. पूर ओसरतांच विहिरींत ब्लीचिंग पावडर पडली पाहिजे.

हें न झाल्यास घागर अखेर बाईच्याच डोक्यावर चढते, आणि दूषित पाणी प्रथम लेंकराच्या जिवावर उठतें.