पोफळीच्या वाडीतील गवताचा तुरा कसा रोखावा?

दि. ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर आलेल्या निसर्ग चक्रीवादळाने मुरुड तालुक्यातील नारळी-पोफळीच्या वाड्यांची मोठी हानी केली. उंच झाडे पडल्याने वाडीतील सावली गेली, आणि पूर्वी जेथे गवत फारसे माजत नसे तेथे ते जोमाने वाढू लागले. पोफळीच्या नव्या रोपास फळावर येण्यास पाच-सहा वर्षे तरी लागतात. तोवर गवत त्याच्या अन्नपाण्यात वाटेकरी होते. अशा वेळी तणनाशकाची अल्प मात्रा देऊन गवत न मारता केवळ खुजे ठेवता येईल काय, असा प्रश्न साहजिकच उपस्थित होतो.

हे तंत्र परदेशातील गोल्फच्या मैदानांवर रुळलेले आहे. तेथे गवत हिरवे हवे असते, परंतु त्याची उंची व तुरा नको असतो. मॅलेइक हायड्राझाइड या रसायनाचा वाढ रोखण्याचा गुण १९४९ साली प्रसिद्ध झाला. ते वाढत्या शेंड्यातील पेशींचे विभाजन थांबविते. पुढे आलेले ट्रायनेक्झापॅक-इथिल निराळ्या रीतीने कार्य करते. कांडी लांबविणारे जिबरेलिन हे द्रव्य तयार होण्यात ते अडथळा आणते व गवत आखूड राहते. काही तणनाशकेही अत्यल्प मात्रेत गवताचा तुरा रोखतात. मात्र फवारणी तुरा बाहेर पडण्यापूर्वीच व्हावी लागते. बाहेर आलेल्या तुऱ्यावर केलेला खर्च वाया जातो. मात्रा किंचित वाढली तरी गवत पिवळे पडते अथवा मरते.

वाडीत हा प्रयोग करणे इष्ट नाही. कोवळ्या पोफळीचे खोड हिरवे असते. ग्लायफोसेटसारखे अंतर्प्रवाही औषध त्यावर उडाल्यास ते आत शोषले जाऊन रोपास इजा होते. शिवाय केंद्र शासनाने ऑक्टोबर २०२२ मधील आदेशाने ग्लायफोसेटच्या वापरावर निर्बंध घातले. पॅराक्वाट तर पोटात गेल्यास त्यावर उतारा नाही. ते रिकाम्या सरबताच्या बाटलीत ओतून ठेवण्याची सवय प्राणघातक होय. ज्या औषधाच्या लेबलावर सुपारीचे नाव नाही, त्याची शिफारस कार्यकर्त्यांनी करू नये.

तथापि या तंत्रातील वेळेचे मर्म विळ्यानेही साधता येते. पावसाळी वार्षिक गवत बियांवरच पुढील वर्षी उगवते. श्रावणात एकदा कापणी करावी. त्यानंतर पेंढ्यासाठी दसऱ्याची वाट न पाहता, गवत पोटरीत येताच ते जमिनीलगत कापावे. सर्व गवत एकाच दिवशी पोटरीत येत नाही, म्हणून आठ-दहा दिवसांनी पुन्हा फेरी मारावी. एका वर्षात जमिनीतील सर्व बी संपत नाही, तेव्हा हा क्रम काही वर्षे चालू ठेवावा लागतो. लव्हाळा व हरळी यांस हा उपाय लागू पडत नाही. लव्हाळा गाठींपासून व हरळी जमिनीवर पसरणाऱ्या कांड्यांपासून फुटते. ती आळ्यातून खणूनच काढावीत.

कापलेले कोवळे गवत रोपाच्या आळ्यात, खोडापासून वीतभर अंतर सोडून पसरावे. हिवाळ्यात व उन्हाळ्यात त्याने ओल टिकते. ज्यात बी धरले आहे असे गवत मात्र आळ्यात न घालता वाडीबाहेर काढावे.